अर्जाआधीचा ठराव

परदेशी दूतावासांच्या छोट्या अनुदानांचा विषय निघाला की संस्थांच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, "यंदा पैसा कशासाठी मिळतोय?" अर्ज इथेच भरकटतो. गावाला काय हवे आहे हे ठरण्याआधीच दात्याला काय चालते हे ठरते, आणि मग ग्रामसभेचा ठराव शेवटच्या आठवड्यात, जोडपत्र म्हणून, घाईने घेतला जातो.

जपान सरकारच्या तळागाळासाठीच्या अनुदान योजनेचेच पाहा. १९८९ पासून ही योजना अनेक देशांत चालते. महाराष्ट्र आणि गोव्यातील संस्थांचा अर्ज मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातो. एका प्रकल्पाला साधारणपणे एक कोटी येनपर्यंत रक्कम मिळते. येनचा दर हलता असतो, पण अलीकडच्या दराने हे पन्नास-साठ लाख रुपये होतात. एवढ्यात शाळेच्या खोल्या, दवाखान्याची उपकरणे, पाण्याची सोय किंवा फिरत्या दवाखान्याची गाडी होऊ शकते. पगार, डिझेल, औषधे, विमा मात्र यातून भागत नाहीत. ते संस्थेने किंवा गावाने उभे करायचे. तेव्हा मोखाड्यातल्या एखाद्या पाड्याला खरी गरज कायम येणाऱ्या परिचारिकेची असेल आणि अर्ज गाडीसाठी गेला, तर गाडी येईल, काही महिने धावेल आणि पुढे ड्रायव्हरच्या पगारावर अडेल.

म्हणून प्रस्तावात आम्ही सर्वाधिक महत्त्व देखभालीच्या प्रकरणाला देतो. बहुतेक मसुद्यांत तिथे एकच ओळ सापडते: 'देखभाल ग्रामसमिती करेल.' कोणती समिती? तिचे बँकखाते कोणाच्या सह्यांनी चालते? पाणीपट्टी घरटी किती आणि ती कोण गोळा करणार? सौरपंपाचा कंट्रोलर जळाला तर दुरुस्तीचा पैसा कुठून येणार? इमारत जिल्हा परिषदेच्या जागेवर असेल तर बांधून झाल्यावर ती कोणाच्या ताब्यात राहील? सातबारा किंवा आठ-अ कोणाच्या नावे आहे, ना-हरकत कोणी दिली? हे प्रश्न ग्रामसभेत, बायका बसू शकतील अशा वेळी, दोन-तीनदा चर्चेला आले पाहिजेत. अशा गावाचा अर्ज दूतावासाचे अधिकारी पाहणीला आल्यावर आपोआप टिकतो, कारण उत्तरे कार्यकर्त्याऐवजी गावकरी देतात. दरपत्रकांची जुळवाजुळव, स्वतंत्र हिशेब, बाहेरचे लेखापरीक्षण ही कामे किचकट असली तरी शिकता येतात. पट्टीचा दर मात्र कोणी सल्लागार ठरवून देऊ शकत नाही.

आता कायद्याकडे. विदेशी अंशदान कायदा २०१० चा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने त्याचा चेहरा बदलला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी विशिष्ट दात्याच्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी मागायची. तिला दात्याचे वचनपत्र लागते. अनेक दाते आधी नोंदणी मागतात आणि नंतरच वचन देतात. छोट्या संस्था या फेऱ्यातच अडकतात.

पण सर्वांत खोल घाव दुसरीकडे बसला आहे. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यावर आता पूर्ण बंदी आहे. पूर्वी पुण्या-मुंबईची नोंदणीकृत संस्था अनुदान घेई आणि वाडीवरच्या नोंदणीकृत महिला मंडळाला त्यातला वाटा देई. ती वाट बंद झाली. आज मोठ्या संस्थेला खर्च स्वतः करावा लागतो, म्हणजे चेकवर सही तिची आणि काम गावाचे. निर्णयही मग हळूहळू सहीकडे सरकतो. याला आमच्या मते एकच उपाय आहे: अर्जाआधी गाव आणि संस्था यांच्यात लेखी करार व्हावा. जागा, ठेकेदार, साहित्य आणि कामाचा क्रम समिती ठरवेल, संस्था पुरवठादाराला थेट पैसे देईल आणि प्रत्येक बिलाची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. करार दात्यालाही दाखवावा.

जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून युएनडीपीमार्फत चालतो. त्यातल्या दोन गोष्टी इतर दात्यांनी उचलाव्यात असे आम्हाला मनापासून वाटते. एक, प्रस्ताव तयार करण्यासाठीच वेगळे छोटे नियोजन अनुदान त्यात आहे. गावाने महिनाभर बसून विचार करण्यालाही पैसा लागतो, हे तिथे मान्य आहे. दोन, श्रमदान आणि स्थानिक साहित्य यांची किंमत धरून ते गावाचा वाटा म्हणून मोजले जाते. बंधाऱ्यासाठी दगड वाहणाऱ्या माणसांचे दिवस हिशेबाच्या कागदावर येतात, तेव्हा ताळेबंदात गाव दात्याच्या शेजारी बसते.

मुंबईतील वाणिज्य दूतावासांकडे आमची मागणी आहे की ग्रामसभेचा मराठी ठराव मूळ दस्तऐवज म्हणून स्वीकारावा आणि इंग्रजी गोषवारा त्याला जोडलेला असावा. आज उलट घडते. इंग्रजी प्रस्ताव शहरात लिहिला जातो आणि त्यावरून गावात ठराव होतो. ज्या संस्था येत्या वर्षी अर्ज करणार आहेत त्यांनी दात्याच्या उत्तराची वाट न पाहता पुढच्याच ग्रामसभेत विषय मांडावा. इतिवृत्तात विरोधी मतेही नोंदवावीत. पाणीपट्टीला नकार देणारी पाच घरे कोणती आणि त्यांचा नकार का, हे आधी कळले तर नळयोजनेचा आराखडाच कदाचित बदलावा लागेल.