लहान मुलांची कार्टून्स: जुनी चांगली, नवी वाईट, इतकं सोपं आहे का?

माझा अडीच वर्षांचा भाचा मोबाईल समोर असल्याशिवाय घास घेत नाही. ताई म्हणते, "आपणही टीव्ही बघतच मोठे झालो की!" खरंय. पण आपल्या वेळची कार्टून्स आणि तो बघतो ते व्हिडिओ एकाच हेतूने बनतात का?

चाचणी दोघांचीही, प्रश्न वेगळा

१९९६ मध्ये अमेरिकेत निकेलोडिऑनवर 'ब्लूज क्लूज' सुरू झालं. त्यातला स्टीव्ह प्रश्न विचारायचा आणि चक्क थांबायचा, म्हणजे मुलाला उत्तर द्यायला वेळ मिळावा. प्रत्येक एपिसोड आधी मुलांना दाखवून बघितला जायचा. मुलांना कळतंय का, ती उत्तर देतायत का, हे तपासायला.

आता 'कोकोमेलन' घ्या. ते बनवणारी कंपनी मूनबग. तिथेही मुलांवर चाचणी होते, पण कशी ते 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२२ मध्ये छापलं. एका स्क्रीनवर एपिसोड, शेजारच्या स्क्रीनवर रोजची साधीसुधी कामं करणारी माणसं. मूल एपिसोडवरून नजर हटवून तिकडे बघायला लागलं, की ती जागा टिपून ठेवायची.

आपण इंजिनिअर याला फीडबॅक लूप म्हणतो. मोजाल तेच वाढतं. एकीकडे मुलाचा प्रतिसाद मोजला, दुसरीकडे नजर किती वेळ खिळते ते. त्यात यूट्यूबने २०१२ पासून शिफारशींसाठी क्लिकपेक्षा वॉच टाइमला जास्त महत्त्व दिलं. मूल जितका वेळ बघेल, तितका व्हिडिओ पुढे जाणार.

पण जुनं म्हणजे चांगलं असंही नाही

२०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाने नऊ मिनिटं 'स्पंजबॉब' पाहिलं, दुसऱ्याने 'कायू', तिसऱ्याने चित्रं काढली. 'स्पंजबॉब'मध्ये सरासरी ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं, 'कायू'मध्ये ३४ सेकंदांनी. लगेच घेतलेल्या लक्ष आणि संयमाच्या चाचण्यांत वेगवान कार्टूनवाला गट मागे पडला.

गंमत म्हणजे ही दोन्ही कार्टून्स नव्वदच्या दशकातलीच! म्हणजे कार्टून कधी बनलं यापेक्षा ते कसं बनलंय, हे बघायला हवं. अर्थात हा परिणाम लगेचचा होता, पुढे टिकतो का ते यात मोजलं नव्हतं. आणि मुलं चार वर्षांची होती, दोन वर्षांची नव्हे.

मग करायचं काय?

व्हिडिओ मुलाच्या हातात देण्याआधी एक मिनिट स्वतः बघा आणि दृश्य किती वेळा बदलतं ते मोजा. मुलाला बोलायला कुठे जागा आहे का, तेही पाहा. यूट्यूब किड्समध्ये ऑटोप्ले बंद ठेवा आणि तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील, अशी सेटिंग करा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्लाही लक्षात ठेवा: दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

भाच्याच्या आवडत्या व्हिडिओत मी एका मिनिटात २३ कट मोजले. ताईला आकडा सांगितला. ती काहीच बोलली नाही, फक्त ऑटोप्लेचं बटण कुठे असतं ते विचारलं.