सातबारा नसलेल्यांना वगळून केळव्याचा आराखडा होऊ देणार नाही

जिल्हाधिकारी कार्यालय, सिडको, एमएमआरडीए, औद्योगिक विकास महामंडळ, पालघरच्या किनाऱ्याचे नकाशे पुढ्यात घेऊन बसलेली आणखी जी कोणी प्राधिकरणं असतील ती सर्व, आणि आमच्या मतांवर निवडून गेलेले लोकप्रतिनिधी यांना केळव्यातून जाहीरपणे कळवत आहोत. या गावाचा, तसंच माहीम, दांडाखाडी, उसरणी, एडवण या शेजारच्या गावांचा कोणताही विकास आराखडा, नगररचना योजना किंवा रस्त्याची आखणी इथल्या भूमिहीन कुटुंबांची नोंद झाल्याशिवाय पुढे सरकू दिली जाणार नाही. मुदत येत्या 14 ऑगस्टपर्यंत आहे. ही तारीख विचार करून ठरवली आहे. 1942 साली याच दिवशी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या मोर्चात जमीनवाले होते, तसे दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारेही होते.

आताच का, असं कोणी विचारेल. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. मुख्यालय उभारण्याच्या बदल्यात सिडकोला नवं शहर वसवण्यासाठी दुग्धविकास विभागाची चारशे हेक्टरांहून अधिक जमीन मिळाली. 2019 मध्ये पालघर तालुका मुंबई महानगर प्रदेशात ओढला गेला. विरार-डहाणू रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण सुरू आहे आणि बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला ठरलं आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. 76,220 कोटींचा प्रकल्प, समुद्रात 1,448 हेक्टर भराव. हे सगळं एकाच पट्ट्यात येतंय आणि केळवे त्या पट्ट्यात आहे. मोजणीदार यायच्या आधी दलाल आले आहेत. वाड्यांचे सौदे चहाच्या टपरीवर ठरतात, आणि वाडीच्या कोपऱ्यातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाला त्याचा पत्ता नसतो.

ही नोंद आम्ही मागतो आहोत ती त्याच झोपडीची.

केळव्याबाहेरच्या माणसाला समुद्र दिसतो, सुरूची बाग दिसते, शितलादेवीचं देऊळ दिसतं आणि रविवारी मुंबईहून आलेली गर्दी दिसते. केळवे-माहीम म्हणजे जुनी महिकावती, बखरीत नाव असलेलं गाव. इथल्या पानवेलीची पानं एके काळी रेल्वेने उत्तरेकडे जात. या वाड्या उभ्या राहिल्या त्या वाडवळ बागायतदाराच्या जमिनीवर आणि वारली, मल्हार कोळी मजुराच्या हातांवर. वेलीला आळं करणं, पाट काढणं, माडावर चढणं, पानं खुडून करंडे भरणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केली, त्यातल्या कितीतरी कुटुंबांचं घर मालकाच्या सातबाऱ्यावर आहे. त्यांच्या स्वतःच्या नावावर काही नाही. वाडी विकली की मालकाला पैसे मिळतात, दलालाला दलाली मिळते, आणि तीन पिढ्या तिथे राहिलेल्या घराला नोटीसही येत नाही. कागदावर तिथे कोणी राहतच नव्हतं.

मासेमारीवर जगणाऱ्या मांगेल्यांची गत वेगळी नाही. समुद्राला सातबारा नाही. बोट नाखव्याच्या नावावर असते, खलाशाच्या नावावर काही नसतं. बोंबील वाळवायची जागा, जाळी पसरायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा सरकारी दप्तरात पडीक, खाजण किंवा वन म्हणून लिहिलेली असते. डोक्यावर पाटी घेऊन पहाटे मासळी विकायला निघणारी बाई तर कुठल्याच नोंदवहीत नाही. उद्या भरपाईचा हिशेब बोटीच्या नोंदणीवर झाला, तर तिच्या वाट्याला शून्य येईल. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. तो पापलेट पकडणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसांना नकाशात जागा देणं त्याच सरकारच्या हातात आहे.

शहर वसवताना काय होतं, हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. खाडीपलीकडे नवी मुंबई आहे. सिडकोने 1970 पासून 95 गावांची जमीन घेतली. मोबदल्यासाठी लढताना 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासईच्या परिसरात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तो मोठा विजय होता आणि त्याचा मान आम्ही ठेवतो. पण साडेबारा टक्के कशाचे? गेलेल्या जमिनीचे. ज्याची जमीन जास्त, त्याचा भूखंड मोठा. ज्याची जमीनच नव्हती, त्या मिठागर कामगाराचं, खाडीत मासे पकडणाऱ्याचं, शेतमजुराचं रोजगाराचं साधन त्याच भरावाखाली गेलं आणि त्याच्या हिशेबाला टक्केवारीच नव्हती. राज्यातली सर्वात गाजलेली पुनर्वसन योजनाही सातबाऱ्याच्या पलीकडे गेली नाही. केळव्यात तीच योजना नव्या नावाने आणाल, तर ती आम्हाला मान्य नाही.

उत्तरेला तारापूर आहे. अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. वीज 2005-06 मध्ये सुरू झाली, पण पुनर्वसनाचं भांडण त्यानंतर वर्षानुवर्षं न्यायालयात राहिलं. शेजारची औद्योगिक वसाहत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात 93.69 गुण घेऊन देशात सर्वात वर होती. त्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे ज्यांची मासळी मेली तेच लोक. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराहून अधिक उद्योगांवर भरपाई बसवली. त्या कारखान्यांत राबणारे कामगार बोईसरच्या आसपासच्या चाळींत भाड्याने राहतात. एवढी मोठी वस्ती ग्रामपंचायतीच्या खांद्यावर टाकून कारखाने उभे राहिले. कामगार कुठे राहील, पाणी कुठलं पिईल, स्फोट झाला तर कुठल्या रस्त्याने पळेल, हे आधी कोणी आखलंच नाही.

आणि दक्षिणेला वसई-विरार. नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. ती जमीन विकास आराखड्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. आराखडा होता, आरक्षण होतं, अधिकारी होते, आणि तरी 41 इमारती उभ्या राहिल्या. बेघर झाली ती पै पै जमवून घर घेतलेली कुटुंबं. गरिबाला परवडेल असं कायदेशीर घर आराखड्यात नसतं, म्हणून तो बेकायदेशीर घर घेतो. ते पाडलं की त्यालाच गुन्हेगार ठरवलं जातं. केळव्याच्या आसपास बांधकामाला सुरुवात झाली की हजारो मजूर येतील. ते कुठे राहणार, याचं उत्तर पहिल्या नकाशात हवं. दहा वर्षांनी आणलेला बुलडोझर हे उत्तर नव्हे.

पाण्याचंही बोलू. विक्रमगड तालुक्यातल्या धामणीचं सूर्या धरण बांधताना पालघर, डहाणू, विक्रमगडच्या शेतीला पाणी मिळेल असं सांगितलं होतं. आज एमएमआरडीएच्या योजनेत सूर्याचं 403 दशलक्ष लिटर पाणी रोज शहरांकडे न्यायचं ठरलं आहे, 218 मीरा-भाईंदरला आणि 185 वसई-विरारला. धरणासाठी ज्यांनी घरं सोडली, त्यांचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरातल्या गरिबाला पाणी मिळू नये असं आमचं मुळीच म्हणणं नाही. पण आपल्याकडे केळवे-माहीमला पाणी देणाऱ्या झांजरोळी धरणाला जानेवारी 2022 मध्ये गळती लागली, तेव्हा या किनाऱ्याचं पाणी किती कच्च्या धाग्यावर लटकलंय ते सर्वांनी पाहिलं. नव्या टॉवरला, नव्या रिसॉर्टला ना-हरकत देण्याआधी पाड्यावर रोज किती पाणी येतं, तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवा. तो ठेवल्याशिवाय एकही नवी जोडणी देऊ दिली जाणार नाही.

सगळ्या कागदांवर आता ‘शाश्वत’ हा शब्द असतो. हरित पट्टा, किनारा संवर्धन, पर्यावरणपूरक पर्यटन. यातलं प्रत्येक काम गरजेचं आहे. किनारा धुपतो आहे, सुरूची झाडं लाटांनी कोलमडतात, वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी मचूळ होत चाललं आहे. म्हणूनच हा इशारा आणखी कडक आहे. हरित पट्टा आखताना पहिली घरं कोळीवाड्याची हलवली जातात आणि समुद्रासमोरचा बंगला जागच्या जागी राहतो, हे आम्ही किनाऱ्यावर पाहतो आहोत. झाडं वाचवण्याच्या नावाखाली झाडं जगवणारी माणसं उठवली, तर पाच वर्षांत वाड्याही उरणार नाहीत. बिनमजुरांची पानवेल एक मोसमही टिकत नाही.

आम्ही मागतो आहोत ते कायद्याबाहेरचं काही नाही. प्रादेशिक आणि नगररचना कायदा 1966 चा आहे. आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवणं त्यात बंधनकारक आहे. हरकतींची नोटीस इंग्रजी वर्तमानपत्रातल्या आतल्या पानावर आणि पालघरच्या कचेरीच्या फलकावर लावून ते बंधन पाळलं जात नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबांत शेतमजूर, कूळ, आणि मासेमारीवर पोट असलेले लोकही मोजले आहेत. सामाजिक परिणामांचा अभ्यास त्यासाठीच आहे. 2006 चा वनहक्क कायदा आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा आहे, त्याचे राज्याचे नियम 2014 चे आहेत. पण पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आणि काही बाहेर आहे. रेषेबाहेरच्या आदिवासीला पेसाचं संरक्षण नाही. म्हणून त्याची नोंद आधी झाली पाहिजे, सगळ्यांत आधी.

गावातल्या बागायतदारांनाही दोन शब्द सुनावतो. तुमची जमीन तुमची आहे, विकायची की राखायची हा तुमचा हक्क आहे. पण वाडीवर राहणाऱ्या कुटुंबाच्या पायाखालची जागा त्याच्या नावावर करून द्यायच्या आधी जो सौदा करेल, त्याच्या सौद्याविरुद्ध गाव उभं राहील. सरकारकडून न्याय मागायचा आणि स्वतःच्या वाडीत तो द्यायचा नाही, हे चालणार नाही. ज्या मजुराने आयुष्यभर तुमचा माड शिंपला, त्याला तीन गुंठे देण्यात तुमचं काही जाणार नाही.

आता काय करायचं ते स्पष्ट सांगतो. केळवे आणि वर सांगितलेल्या गावांतल्या प्रत्येक पाड्यावर, कोळीवाड्यात, चाळीत जाऊन सरकारने घरटी नोंद करावी. जमीन कोणाची, हे विचारण्याआधी इथे कोण राहतं आणि कशावर जगतं, हे लिहावं. मासळी वाळवायच्या आणि होड्या ठेवायच्या जागा मोजून नकाशावर मराठीत नावानिशी दाखवाव्यात. ही यादी आणि हा नकाशा 14 ऑगस्टच्या आत ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, बायका कामावर गेलेल्या वेळी नव्हे, संध्याकाळी.

तसं झालं नाही, तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत असहकाराचा ठराव मांडला जाईल. त्या दिवसापासून मोजणीचा एकही दगड या गावांत रोवू दिला जाणार नाही. ना-हरकत दाखले थांबतील. मोजणीला येणारे कर्मचारी आमचेच लोक आहेत. त्यांच्या अंगाला कोणी हात लावणार नाही, त्यांना पाणी देऊ, चहा देऊ आणि परत पाठवू. उच्च न्यायालय आणि हरित लवाद यांचे दरवाजे तारापूरच्या मच्छीमारांनी ठोठावून दाखवले आहेत, आम्हीही ठोठावू. आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारला जाईल, की ही यादी कुठे आहे.

ज्यांच्या घराची कुठेच नोंद नाही, त्या वाडीवरच्या, पाड्यावरच्या आणि कोळीवाड्यातल्या बहिणींना आणि भावांना सांगणं आहे. वीजबिल, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, म्हाताऱ्यांच्या मतदार यादीतलं नाव, जे काही कागद असतील ते आजच एकत्र करा, त्यांच्या प्रती काढा आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला ते घेऊन या.