रक्ताचा काका, मानलेला भाऊ

जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) हा गोऱ्यांच्या वंशाभिमानाचा पोवाडा आहे, असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो. १८६८ सालचे टेक्सास. कोमांची या मूलनिवासी जमातीची टोळी नायक ईथनच्या भावाचे घर जाळते, माणसे मारते आणि त्याच्या धाकट्या मुलीला, डेबीला, पळवून नेते. ईथन वर्षानुवर्षे माग काढतो आणि अखेर पुतणीला घेऊन येतो. आक्षेपकांच्या मते हा रक्ताच्या नात्याचा विजय.

मला हे साफ अमान्य आहे. ईथन पुतणीला वाचवायला निघालेलाच नसतो. ती कोमांचींमध्ये वाढली, एकाची बायको झाली, हे कळल्यावर तो सख्खा काका तिच्यावर पिस्तूल रोखतो. आडवा येतो तो मार्टिन. ईथनच्या भावाने वाढवलेला हा अनाथ पोरगा, रक्ताने डेबीचा कोणीही नाही. पुढे जखमी ईथन आपले सर्वस्व मार्टिनच्या नावे करून देतो, कारण रक्ताचे कोणी उरले नाही म्हणे! डेबी जिवंत असताना! मार्टिन तो कागद त्याच्या अंगावर भिरकावतो. रक्ताची महती गाणाऱ्या चित्रपटात हा प्रसंग कशाला असता?

अॅलन ले मे यांच्या मूळ कादंबरीतला मार्टिन गोराच आहे. पटकथाकार फ्रँक न्यूजंट यांच्या पटकथेत तो एक-अष्टमांश चेरोकी झाला. ज्याच्या रक्ताला ईथन नाके मुरडतो, त्याच्याच हाती चित्रपटाने घर राखण्याचे काम दिले.

दोष आहेत, आणि ते गंभीर आहेत. लुक या कोमांची स्त्रीला मार्टिनने लाथ मारून उतारावरून गडगडत सोडणे विनोद म्हणून दाखवले आहे. ते मला आजही असह्य होते. कोमांची सरदार स्कारची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनला दिली, तर त्याच्या टोळीत नावाहो माणसे उभी केली. पण लुकचा अपमान खरा असला, तरी त्यावरून मार्टिनचे माणूसपण खोटे ठरत नाही.

शेवटी ईथन डेबीला उचलून घेतो, म्हणून श्रेय त्याला दिले जाते. पण स्कारच्या छावणीवर हल्ला झाला तर डेबी मरेल, हे ठाऊक असूनही तो हल्ल्याला तयार असतो. हट्टाने एकटा आत शिरतो मार्टिन. डेबीला गाठतो आणि स्कारला ठार करतोही तोच. ईथनच्या वाट्याला येते ते स्कारचे प्रेत.