दर्याकाठचे धन आणि आमची संत्री

आमच्या जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी अशी मजल दरमजल करीत अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. पांढुर्णा-सौसरच्या आपणां बहुतेकांचा समुद्राशी संबंध काय तो एवढाच. तरीही आज आम्ही वाचकांस समुद्रकाठच्या एका जिल्ह्याची ओळख करून देणार आहो. कारण त्याची कहाणी पुष्कळ अंशी आपलीच आहे.

हा जिल्हा म्हणजे कोकणातील सिंधुदुर्ग. जसा आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा झाला, तसा तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस सुमारे १२१ किलोमीटर लांबीचा किनारा आणि मध्ये जांभ्या दगडाची चढउताराची भूमी. पाऊस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. परंतु नद्या आखूड, उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र. त्यामुळे पावसाचे पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात.

सखल जागी भात, कातळावर देवगडचा हापूस, उतारावर काजू, परसात नारळ, सुपारी व कोकम. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या उत्तम जाती दिल्या, आणि १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांस साहाय्य मिळाल्यावर ओसाड माळ हिरवे झाले. समुद्रात मासळी. मालवणच्या किनाऱ्यावर आजही रापण ओढतात. अनेक घरची माणसे एकच लांब जाळे ओढतात आणि जे मिळेल त्याचे वाटे करून घेतात.

एवढे धन असूनही एक गोष्ट मनास चटका लावते. २००१ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असता येथील घटली! पिढ्यान्‌पिढ्या कोकणचे तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि गावची चूल मनिऑर्डरीवर पेटली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी मुंबईची वाट काही मोडली नाही.

असे का व्हावे? आंबा गावात पिकतो, पण त्याचा भाव वाशीच्या बाजारात ठरतो. उलट जेथे मालावर गावातच काम होते, तेथे हातांस काम राहते. चार किलो काजूबियांतून जेमतेम किलोभर गर निघतो. परंतु त्या फोडण्या-सोलण्यात कितीतरी स्त्रियांस मजुरी मिळते, आणि टरफलाचे तेलही रंगांच्या कामी येते. कोकमाची आमसुले घरोघर होतात. देवगडच्या बागायतदारांनी सहकारी संस्था स्थापून आपला आंबा थेट ग्राहकांस विकण्यास आरंभ केला आहे.

आता आपल्याकडे वळू. आंबिया बहार असो वा मृग, आपल्यापैकी कित्येकजण फळ हाती येण्यापूर्वीच सबंध बाग व्यापाऱ्यास देऊन मोकळे होतात. गारपीट व फळगळ ह्यांची धास्ती असते, कर्जाचा हप्ता दारात उभा असतो; म्हणून त्यांस दोष देणे आम्हांस शोभणार नाही. परंतु संत्र्याची निवड, प्रतवारी आणि पेट्या भरणे ही कामेही परक्या हाती गेली, तर आपल्या मुलांकरिता गावात उरते काय? मग त्यांनी नागपूरची गाडी धरली तर नवल ते कोणते?

एकट्याने हे होणे कठीण, हे आम्ही जाणतो. म्हणूनच रापणीची आठवण दिली. शेजारच्या चार-पाच बागाइतदारांनी येत्या बहारास निदान काही झाडांचा माल एकत्र करावा, स्वतः निवडावा, आणि मंडीतील भाव चार ठिकाणी विचारून मगच विकावा. पहिल्या वर्षी नफा थोडाच होईल. पण आपल्या फळाचे मोल आपणांस कळेल. जाळे जड असते ते ओढणारे हात थोडे असले म्हणजे.