चुकण्याची हक्काची जागा

वैमानिक आणि वैद्य या दोघांच्या व्यवसायांत एक दारुण साम्य आहे. नवशिक्याच्या चुकीची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला तरी प्राणांनी मोजावी लागते. विमानविद्येने हे सत्य लवकर ओळखले. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली ऑर्गनच्या कारखान्यातील भाते वापरून जमिनीवरच डोलणारे सराव-विमान घडविले. पण आपणा डॉक्टरांना अधिक विचारप्रवृत्त करील असा प्रयोग १९७०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात झाला.

तेथील ‘प्लेटो’ या संगणकीय शिक्षणप्रणालीला १९७२पासून नारिंगी प्रकाशाचा, बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा लाभला. स्टॅन्ली ट्रॉलिप यांनी तिच्यावर ‘होल्डिंग पॅटर्न’चा पाठ तयार केला. पुढे जाण्याची अनुमती मिळेपर्यंत वैमानिकाला आकाशातील ठरावीक बिंदूशी लांबट घिरट्या घालाव्या लागतात. वळणे सामान्यतः उजवीकडची. चौदा हजार फुटांपर्यंत बिंदूकडे येणारी बाजू एका मिनिटाची. पुस्तकातील आकृती पाहून हे क्षणात समजते. वारा सुटला की मात्र दिशा आणि वेळ दोन्हींचे गणित कोलमडते. ट्रॉलिप यांच्या पाठात विद्यार्थी ती घिरटी पडद्यावर स्वतः घेई आणि चूक कोठे झाली हे संगणक त्याला तत्काळ दाखवी. या पाठाचे मूल्यमापन करणारा त्यांचा निबंध १९७९ साली ‘ह्यूमन फॅक्टर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच विद्यापीठाचे ब्रूस आर्टविक यांनी १९८०च्या सुमारास ॲपल-टू या घरगुती संगणकावर उड्डाण आणले. त्यातील दृश्य मोजक्या रेषांचे. तरीही कळ दाबताच क्षितिज कलत असे. माझ्या मते या साऱ्याचे मर्म हेच आहे. चित्र किती देखणे आहे यापेक्षा शिकणाऱ्याच्या कृतीला उत्तर मिळते की नाही, हे महत्त्वाचे.

या निकषावर आपले वैद्यकीय शिक्षण तपासून पाहावे. सुबक स्लाइड आणि उत्तम चित्रफिती आपण मुबलक पाहतो. परंतु पाहणारा चुकला तरी चित्रफीत पुढे सरकतच राहते. जन्मतः न रडलेल्या बालकाचे पहिले मिनिट असे सरकू देता येत नाही. मास्क नीट बसला नसेल, मान योग्य स्थितीत नसेल, तर बॅग कितीही दाबली तरी छाती वर येत नाही. हे ज्ञान व्याख्यानातून कानांवर पडते, हातांत उतरत नाही.

यावर असा आक्षेप येईल की पडद्यावर मास्क धरता येत नाही. तो रास्तच आहे. विमानचालनातही पडद्यानंतर खरे विमान आणि शेजारी बसलेला गुरू लागतोच. पडद्यावर निर्णयांचा क्रम पक्का व्हावा, मॅनिकिनवर हात बसावा आणि मगच ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रसूतिगृहात उभे राहावे, हाच क्रम योग्य.

म्हणून सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या वार्षिक व्याख्यानांपैकी एक कमी करावे; त्या खर्चातून नवजात शिशूचे मॅनिकिन आणि बॅग-मास्क घ्यावेत आणि दर तीन महिन्यांनी एक संध्याकाळ सरावासाठी राखावी. आजूबाजूच्या तालुक्यांतील लहान प्रसूतिगृहांच्या परिचारिकांना अगत्याने बोलवावे, कारण त्या पहिल्या मिनिटाला बहुधा त्याच तेथे हजर असतात. सरावात कोणी चुकल्यास हसू नये, गुण मोजू नयेत. पुन्हा करावयास सांगावे. ही चूक कोठेतरी होणारच आहे. ती बालकावर न होता मॅनिकिनवर व्हावी, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे.