पाहिले, पण निरखले का?

मराठीतले 'पाहणे' हे क्रियापद मोठे कामसू आहे. आपण नाटक पाहतो, स्थळ पाहतो, वाट पाहतो, आणि प्रसंगी दुसऱ्याचा अंतही पाहतो. 'करून पाहा' म्हणताना तर डोळ्यांचा काही संबंधच नसतो. 'निरखणे' मात्र असे कोठेही हुंदडत नाही. त्याला एका जागी बसावे लागते, वेळ लागतो, आणि ज्याला निरखायचे त्याच्याविषयी थोडी आस्थाही लागते. हा भेद मी वर्गात दर वर्षी शिकवतो. त्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, हे मात्र मला उमगले ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे.

वैद्यकातले संशोधन म्हटले की काचेच्या नळ्या आणि पांढरे डगले आपल्या नजरेसमोर येतात. ही हकिकत आहे खेड्यातल्या एका खाटेजवळची. मूळचे जालना जिल्ह्यातले बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीला, प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर म्हणून आले. कोकणाला विंचू नवा नव्हता. एकनाथमहाराजांच्या भारुडातला विंचू हा विकारांचा. त्याच्यावर सत्त्वगुणाचा उतारा चालतो. कोकणातल्या लाल विंचवाला असले काही मानवत नाही. काळ्या इंगळीपुढे तो अगदीच किरकोळ दिसतो. पण माणसाचा घात करतो तो हाच. लाकडे उचलताना, भात कापताना, अंधारात पाय टाकताना तो नांगी मारी, आणि काही तासांत घरातले धडधाकट पोर हातचे जाई.

विंचवाने माणसे मरतात हे गावाला ठाऊक होते, मांत्रिकाला ठाऊक होते आणि दवाखान्यालाही ठाऊक होते. सर्वांनी ते पाहिले होते. बावस्करांनी ते निरखायचे ठरवले. रोग्याच्या उशाशी बसून ते नोंदी करू लागले. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. आधी ओकाऱ्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मग हातपाय थंडगार. नाडी जोरात, रक्तदाब चढलेला. आणि शेवटी छातीत पाणी होऊन श्वास कोंडणे. म्हणजे मरण अचानक येत नव्हते, आगाऊ वर्दी देऊन येत होते. ही वर्दी ओळखण्याच्या खुणा त्यांनी १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडल्या.

यातले थंडगार हातपाय मला फार बोलके वाटतात. घाबरलेल्या माणसाचे हातपाय गार पडतात, हे आजीबाईदेखील सांगेल. पण विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या आवळलेल्या वाटांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, असा त्या गारठ्याचा अर्थ होता. आवळलेल्या वाटा सैल करणारे औषध जगात आधीच होते. प्राझोसिन नावाची ती गोळी रक्तदाबासाठी देत. एम. डी. होऊन पुन्हा कोकणात गेलेल्या बावस्करांनी ती विंचवाच्या रोग्यांना दिली, आणि त्याचा वृत्तान्त १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. एके काळी असे गंभीर शंभर रोगी आले तर तीस-चाळीस दगावत; पुढे हे प्रमाण एकाच्या घरात आले.

येथे टाळ्या वाजवून थांबावेसे वाटते; पण थांबू नये. कारण निरीक्षणालाही भुलण्याची खोड असते. युरोपातले वैद्य शतकानुशतके रोग्याच्या शिरेतून रक्त काढत. ते काही आंधळे नव्हते. रक्त काढल्यावर ताप उतरलेला, रोगी शांत झालेला त्यांनी स्वतः पाहिला होता. जे बरे झाले ते लक्षात राहिले, जे गेले ते दैवाच्या खात्यावर मांडले गेले. पॅरिसच्या पियेर लुई या वैद्याने मात्र वही काढून मोजणी केली. फुप्फुसदाहाच्या ७७ रोग्यांपैकी ज्यांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले त्यांच्यातले शेकडा ४४ मेले. ज्यांचे उशिरा काढले त्यांच्यातले शेकडा २५. त्याचे यावरचे पुस्तक १८३५ साली निघाले. नजरेला न दिसलेले अंकांना दिसले.

म्हणूनच बावस्करांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट प्राझोसिनच्या यशानंतरची आहे. विंचवाच्या विषावरची लसही पुढे वापरात आली. ज्या गोळीने आपले नाव झाले ती एकटी पुरे, की तिच्या जोडीला ही लस द्यावी? त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रोग्यांचे दोन सारखे गट केले. कोण कोणत्या गटात, हे दैवगतीने ठरू दिले. दहा तासांत बरे झाले ते असे: नुसत्या गोळीचे ३५ पैकी ८, दोन्ही दिलेले ३५ पैकी ३२. हा निकाल २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. आपल्याच लाडक्या उपायापेक्षा सरस काही आहे, हे जगाला आपणच सांगायचे! आपल्या साहित्यिकांत असा एक दाखवा, मी त्याला नारळ देईन.

आज तपासण्यांचे कागद पुष्कळ झाले आहेत, आणि ते हवेतच. पण कागद येईपर्यंत रोग्याजवळ कोणीतरी असते: बहुधा आई, बायको, शेजारी. विंचू किती वाजता चावला, पहिली ओकारी केव्हा झाली, हातपाय कधी गार पडले, हे त्यांच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही. रोग्याला तातडीने दवाखान्यात न्यावे, हे तर खरेच. पण नेताना या तीन वेळा कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून न्याव्यात. डॉक्टरांच्या हाती पडणारी ती पहिली नोंद असेल, आणि निरखणे म्हणतात ते तेथूनच सुरू होते.