डोळ्यांची सकाळ रात्रीच बिघडते

पुणतांब्याचे नाव महाराष्ट्रभर झाले ते 1 जून 2017 च्या शेतकरी संपामुळे. पाच वर्षांनी, जून 2022 मध्ये, याच गावात पुन्हा धरणे धरले गेले, तेव्हा ऊस आणि कांद्याच्या प्रश्नांबरोबर शेतीला दिवसा पूर्ण दाबाने वीज द्या, ही मागणीही पुढे होती. रात्रीच्या विजेचा विषय निघाला की साप, बिबट्या आणि थंडी यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण रात्रभर पिकाच्या पाण्याची दारे धरून पहाटे पाठ टेकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे काय होते, हा हिशेब त्या चर्चेत येत नाही. जाग आल्यावर पापण्या चिकटल्यासारख्या वाटणे, डोळ्यांत वाळू खुपल्यासारखे होणे, थोडा वेळ सगळे धूसर दिसणे, ही तक्रार घरातही कोणी मनावर घेत नाही. माझे म्हणणे असे, की ही तक्रार किरकोळ नाही. तिचे कारण बहुतेक वेळा रात्रीत असते आणि आपण मात्र तिचे औषध दिवसा, मेडिकलच्या काउंटरवर शोधतो.

जागेपणी डोळा ओला राहतो तो पापण्यांच्या उघडझापीमुळे. प्रत्येक उघडझापीसरशी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरतो आणि त्यावर तेलाची अतिशय तलम साय धरते, म्हणून तो लगेच सुकत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. झोपेत अश्रू तयार होण्याचे प्रमाण खूप घटते आणि उघडझाप थांबते. तेव्हा डोळ्याला आधार उरतो तो मिटलेल्या पापणीचा. ती पुरती मिटली नाही, तर खालच्या बाजूची फट रात्रभर उघडी राहते आणि बुबुळाचा खालचा भाग सुकतो. अशी माणसे थोडीथोडकी नसतात, पण झोपलेल्या माणसाला आपली पापणी अर्धी उघडी आहे हे कळणार कसे? ते बायकोला, आईला किंवा मुलांना ठाऊक असते आणि डॉक्टर सहसा त्यांना विचारत नाहीत. त्यातच पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते आणि छताचा पंखा रात्रभर थेट तोंडावर फिरत असतो. पंख्याशिवाय झोप नाही हे खरेच आहे. पण खाटेची जागा बदलता येते, टेबलफॅन पायांकडे वळवता येतो.

दुसरे कारण तेलाच्या ग्रंथींचे. त्यांची तोंडे बुजली किंवा पापण्यांच्या कडा सुजल्या, तर तिथला दाह रात्रभर मिटलेल्या पापणीखाली, बुबुळाला चिकटून राहतो. म्हणूनच अश्रू मुळात कमी असणाऱ्याचा त्रास सहसा संध्याकाळकडे वाढतो, तर पापणीच्या दोषाचा त्रास उठल्या उठल्या जास्त असतो. त्रास कोणत्या वेळी होतो एवढे नीट सांगितले तरी निदानाची दिशा सापडते, आणि हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही. तिसरे कारण उसाच्या मुलखात विसरता कामा नये असे आहे. उसाचे पाते बुबुळाला चाटून गेले की वरची जखम भरते, पण नवी त्वचा खाली घट्ट बसलेली नसते. मग कित्येक आठवड्यांनीही पहाटे डोळा उघडताना ती पापणीबरोबर ओढली जाते आणि तीक्ष्ण कळ येते. हा नुसता कोरडेपणा समजून महिनोन् महिने थेंब घालत राहणारा माणूस चुकीच्या आजारावर उपचार करत असतो.

झोपच मोडली तर काय होते, याचाही पुरावा आहे. कोरियात निरोगी तरुणांना रात्रभर जागवून केलेल्या एका छोट्या अभ्यासात त्यांचे अश्रू कमी झाले आणि उरलेल्या अश्रूंतली क्षारता वाढली. तो प्रयोगशाळेतला अभ्यास होता. शेतावर जागणाऱ्यांचा असा अभ्यास कोणी केला, तर त्याचा उपयोग धोरणालाही होईल. जागरण नसले तरी सर्दी-ॲलर्जीची सेटिरिझिनसारखी गोळी किंवा नैराश्यावरची काही औषधे रोज घेतली तरी डोळे सुकतात. थायरॉइडच्या आजारात, आमवातात, चेहऱ्याचा एक भाग लुळा पडल्यावरही हेच होते. मोबाइलला सगळा दोष देण्याची सवय मला अपुरी वाटते. पडद्याकडे बघताना उघडझाप कमी होते हे खरे, पण सकाळी सहाला, मोबाइल हातात घेण्याआधीच डोळा खुपत असेल, तर कारण आणखी कुठे तरी आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा त्रास इतका असता तर आकड्यांत दिसला असता. आकडे पाहूच. दिल्लीच्या एम्समध्ये आलेल्या रुग्णांना ठरावीक प्रश्नावली देऊन केलेल्या पाहणीत 32 टक्के लोकांत कोरड्या डोळ्यांची लक्षणे आढळली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आपल्या दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या आजाराचे निदान लिहिलेले रुग्ण निघाले 1.46 टक्के. दोन्ही पाहण्या प्रामाणिक आहेत. रुग्ण वेगळे, व्याख्या वेगळी, हे मान्य. तरीही एवढी तफावत मला एकच गोष्ट सांगते: विचारले तर त्रास सापडतो, विचारले नाही तर तो कागदावर येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दुकानातून थेंब आणले की काम भागते, मग एवढा विचार कशाला? कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब सहसा निर्धोक असतात. धोका आहे तो 'मागच्या वेळी याने लगेच बरे वाटले होते' म्हणून आणलेल्या बाटलीत. लगेच बरे वाटवणाऱ्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते. देखरेखीशिवाय ते वापरत राहिल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. पाचट किंवा गव्हाचे कुसळ लागलेल्या डोळ्यात बुरशीची लागण असेल, तर स्टेरॉइडने ती फोफावते आणि डोळा जातो. शेतकऱ्याच्या डोळ्याला याहून मोठा धोका क्वचितच असेल. लाली घालवणारे थेंबही रोज वापरले, तर परिणाम ओसरल्यावर लाली आणखी वाढवतात. मध, गुलाबपाणी, घरचे काजळ यांविषयी आपुलकी समजू शकते, पण आधीच सोललेल्या बुबुळावर निर्जंतुक नसलेले काहीही घालू नये.

मग करायचे काय? झोपण्यापूर्वी स्वच्छ फडके सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून पाच-दहा मिनिटे मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे, गार झाले की पुन्हा गरम करावे. मग पापण्या कडेच्या दिशेने हलक्या हाताने चोळून कडा पुसून घ्याव्यात. हे आठ दिवसांत सोडून देणाऱ्याला गुण येत नाही, कारण बुजलेल्या ग्रंथी मोकळ्या व्हायला आठवडे लागतात. पापणी उघडी राहत असेल तर थेंबांपेक्षा रात्रीचे दाट जेल किंवा मलम उपयोगी पडते. त्याने नजर धूसर होते, म्हणून ते अंथरुणावर बसूनच लावायचे. पापणी चिकटपट्टीने मिटवण्याचा उपायही आहे, पण तो डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय करू नये. थेंब दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त लागत असतील, तर जंतुरोधक रसायन नसलेले मागावेत. माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्यांचा आग्रह मात्र कोणी धरू नये. 2018 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तीव्र कळ, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा नजर घटणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि शिर्डीतली संस्थानची रुग्णालये पुणतांब्याहून फार दूर नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने येतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधील 66.2 टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. साधने मोजकी असताना चुरचुरणाऱ्या डोळ्यांसाठी ती का खर्चावीत? प्राधान्याचा हा क्रम मला मान्य आहे. पण कोरडा डोळा मोतीबिंदूच्या वाटेतच उभा असतो. बुबुळाचा पृष्ठभाग सुकलेला असेल, तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना मोजमाप चुकू शकते आणि शस्त्रक्रियेनंतर कोरडेपणा बहुधा वाढतो. भिंग उत्तम बसूनही 'डोळा खुपतो' म्हणत परत येणाऱ्या रुग्णामुळे शेजारचे चार जण शस्त्रक्रिया लांबवतात. म्हणून शिबिरात नाव नोंदवतानाच सकाळी उठल्यावर डोळे कसे असतात, झोपेत पापणी उघडी राहते का, आणि रात्री पाणी भरायला जावे लागते का, हे विचारून केसपेपरवर लिहावे. त्याला वेगळा निधी लागत नाही. रात्रपाळीच्या विजेची उत्तरे अशी गावोगावच्या केसपेपरवर जमू लागली, तर दिवसा विजेची मागणी करणाऱ्यांना ती महावितरणापुढे आणि सौर कृषी वाहिनी योजनेच्या बैठकीत ठेवता येतील.